शालीबाहेरचा हात

थंडी पडली की माणसं हात पांघरुणात घेतात. मी बाहेर काढतो. मार्गशीर्ष लागला, सकाळी अंगणातल्या बाजेवर दहिवर दिसायला लागलं, की बायको शाल आणून देते आणि वर म्हणते, "घ्या. आणि तुमचा तो लाडका हात ठेवा उघडा, वारा खायला." तिची थट्टा मला लागत नाही. लागते ती बाहेरची करकर. आमचं घर अकोल्यात, अकोटाकडून येणाऱ्या रस्त्याला लागून. कापूस सुरू झाला की उजाडायच्या आत गाड्यांची रांग लागते आणि वंगण संपलेल्या कण्यांचा आवाज थेट माझ्या उशाशी येतो. मी उठतो, दारापर्यंत जातो, परत येतो, पाणी पितो, पुन्हा दारापर्यंत जातो. नाताळ तोंडावर आलेला असतो, मुलांची गाणी बसवायची असतात, उपासनेचा पाठ बघायचा असतो, आणि मी मात्र गाड्यांवरच्या माणसांची तोंडं न्याहाळत उभा. घोंगडी पांघरलेला प्रत्येक म्हातारा मला आधी गणुजीच वाटतो.

गणुजी कोण ते सांगतो. पण त्याआधी त्या सालची हवा सांगायला हवी, कारण चूक माझी असली तरी ती घडायला तसलीच हवा लागत होती.

अमेरिकेत लढाई चालली होती. ती कुणाकुणात आणि कशासाठी, हे वऱ्हाडात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. मात्र तिच्यामुळं विलायतेला कापूस मिळेनासा झाला आहे आणि आपला सोन्याच्या भावानं जातो आहे, एवढं शेंबड्या पोरालाही कळत होतं. उमरावतीच्या बाजारात गाड्या मावत नव्हत्या. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या होत्या. लोक घरातल्या जुन्या गाद्या उसवून तोही कापूस विकतात, अशी बोलवा होती, आणि ती खोटी वाटू नये अशी माणसांची लगबग होती. वैद्य नाडी सोडून भाव विचारायचा. न्हावी अर्धी दाढी तशीच ठेवून गाडी बघायला पळायचा. हवेत सारखी पांढरी तूस उडत असायची. ती वरणात सापडायची, दौतीत सापडायची, प्रार्थनेला डोळे मिटले की पापण्यांना चिकटायची. कुणी एका जागी बसत नव्हतं. मला तर आधीच बसवत नसे.

मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. नगरचा, भिक्षुकाच्या घरचा, आणि नुकताच ख्रिस्ती झालेला. वडिलांनी दार लावून घेतलं होतं. त्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही, लिहिलं की दोन दिवस जेवण जात नाही. पण एक सांगितलं पाहिजे. बाप्तिस्मा झाला त्या दिवशी मंडळीतला एकेक जण पुढं आला आणि त्यानं माझा हात हातात घेतला. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेला मी. घराबाहेरच्या माणसानं माझा हात असा धरून ठेवल्याचं मला आठवत नव्हतं. खरबरीत हात, घामट हात, चामड्याचा वास येणारे हात, एका म्हातारीचा तर नुसता हाडांचा हात. मला रडू कोसळलं. शास्त्रातलं पुष्कळसं मी पुढं शिकलो, पण माझा धर्म मला त्या दिवशी हातातूनच कळला. तेव्हापासून मला हात द्यायचं वेडच लागलं. भेटेल त्याचा हात धरायचा, आणि लवकर सोडायचा नाही.

मिशनाची रीत अशी की उपदेशकांनी दोघादोघांनी हिंडायचं, जोडीदाराला एकटं टाकायचं नाही. माझे जोडीदार रखमाजीबुवा. वयानं माझ्या दुप्पट, गावकुसाबाहेर जन्मलेले, एकतारीवर गाणारे, आणि माणूस लांबून ओळखणारे. ते मला 'पंत' म्हणायचे. त्यात निम्मी माया होती आणि निम्मी चेष्टा. आम्ही दोघं कापसाच्या हंगामापुरते उमरावतीला आलो होतो. एका अडत्याच्या वखारीमागं खोली मिळाली होती. वखारीत कापसाचे ढीग, म्हणून आवारात विस्तवाला बंदी. चिलीमही फाटकाबाहेर ओढायची. आमची चूलही फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला तीन दगडांची. भाकरी भाजताना बैल डोकवायचे. रखमाजीबुवा त्यांना म्हणायचे, "दमा, आधी पंतांचं हू द्या."

दिवस असा जायचा. पहाटे प्रार्थना, मग भाकरी आणि तुरीच्या सोल्यांचं कालवण, मग बाजार. बुवा एकतारी छेडायचे, चार माणसं जमायची, मी बोलायला उभा राहायचो. वऱ्हाडी माणूस तोंडावर बोलतो. एकदा मी अर्धा तास जीव तोडून बोललो. समोरचा शेतकरी शांतपणे सगळं ऐकून म्हणाला, "आवाज चांगला हाय बाप्पा तुमचा, पन तुमी भाव काहून सांगून नाई राह्यले?" सगळे हसले. बुवाही हसले. मी त्या दिवशी त्यांच्याशी जेवणापर्यंत बोललो नाही.

कॅम्पात आमचे मिशनरी साहेब राहायचे. दर शनिवारी ते विचारायचे, कोणी ऐकलं, कोणी प्रश्न केला, कोणाच्या मनात काही हललं का. ओरडायचे नाहीत, नुसतं बघायचे. ते बघणं मला सोसत नसे. नाताळ जवळ येत चालला तसा मी आणखीच सैरभैर झालो. नगरला आता घंटा घासत असतील, करंज्यांचं सारण झालं असेल, पोरं पताका कापत असतील. इथं तो दिवस कुणाच्या खिजगणतीतही नव्हता. मला एक माणूस हवा होता. एकच. ज्याचा हात धरून साहेबांपुढं उभा राहीन आणि म्हणेन, हा बघा.

अशा माणसाला एकटं बाजारात सोडू नये. नाताळच्या दोन दिवस आधी बुवांच्या तळपायाचं कुरूप ठणकायला लागलं. ते म्हणाले, "पंत, आज ऱ्हाऊ द्या. एकटं जाऊ नका. बाजार लई चमत्कारिक झालाय." मी बरं म्हणालो आणि ते कुशीवर वळल्यावर निघालो. अंगात काळा डगला, वर शाल, तोंडात नगरची भाषा.

गणुजी आपल्या गाडीला टेकून उभे होते. दर्यापूर आणि अकोट यांच्या मधल्या कुठल्याशा गावचे, साठीच्या आसपासचे, खाऊनपिऊन सुखी. मी येशूच्या जन्माची गोष्ट सांगायला लागलो. रानात मेंढपाळ राखण करत बसलेले, त्यांना देवदूत सांगतो की बाळ जन्मलं आहे, आणि ते उठून बघायला जातात. चारदोन माणसं थांबली आणि गेली. गणुजी हलले नाहीत. गोष्ट संपल्यावर म्हणाले, "सारेच गेले काय?"

"कोण?"

"ते मेंढरंवाले. सारेच गेले बाळ पाहाले? मंग मेंढरायपाशी कोन होतं?"

हा प्रश्न मला मिशनच्या शाळेत कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, देवानंच राखली असतील.

"देव मेंढरं राखत नसते बाप्पा," ते म्हणाले. "मानूस ठेवा लागते."

पण ते नाराज दिसले नाहीत. उलट मोकळे झाले. त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, नात तीन महिन्यांची, चौथ्या दिवशी जावयाकडची गाडी मायलेकींना न्यायला येणार. त्यांनी गाठोडं सोडून दाखवलं. मुलीसाठी नागपुरी लुगडं आणि नातीसाठी खणाची कुंची, जरीची किनार लावलेली. "हे म्या माह्या हातानं घालनार तिच्या डोस्क्यात. बायकायले नाई घालू देनार," असं म्हणून ते स्वतःशीच हसले. गोष्टीतल्या बाळात त्यांना आपली नात दिसत होती हे माझ्या लक्षात आलं, आणि मला वाटलं, हाच तो. हाच माझा माणूस.

वारा सुटला होता. माझे दोन्ही हात शालीत होते. गणुजी जवळ आले आणि एक शब्द न बोलता त्यांनी आपला उजवा हात माझ्या शालीखाली घातला. माझी बोटं धरली. आधी चार दाबली, मग दोन, मग मधल्या बोटाचं पेर. आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मला भरून आलं. वाटलं, हा साधा माणूस, चारचौघांत हात धरायला लाजतो आहे, म्हणून आडोशानं धरतो आहे. मी दोन्ही हातांनी त्यांचा हात घट्ट दाबला आणि तसाच धरून ठेवला.

त्यांचे डोळे जरा मोठे झाले. मग चेहरा खुलला.

"पक्कं?"

"पक्कं," मी म्हणालो.

"मंग कवा?"

"उद्या सकाळी मी येतोच. तुम्ही इथंच थांबा. आणि मधल्या वेळात दुसऱ्या कुणाचं ऐकू नका."

"नाई आयकत," गणुजी म्हणाले आणि बैल सोडायला लागले.

वऱ्हाडातल्या वाचकाला आता पुढचं सांगायची गरज नाही. तो कपाळाला हात लावून बसला असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. तिथल्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. विकणारा आणि घेणारा उपरण्याखाली, शालीखाली हात घालत. अमुक बोटं म्हणजे अमुक रुपये, पेर दाबलं म्हणजे वरचे आणे. भोवतीच्या माणसांना काही दिसत नाही. समोरच्यानं पंजा दाबून धरला की सौदा झाला. मग त्याला ना कागद लागे ना साक्षीदार, आणि तो मोडणाऱ्याला पुन्हा त्या बाजारात कुणी हात देत नसे. मी हे शिकलो नव्हतो. भिक्षुकाच्या घरात कोण शिकवणार, आणि मिशनात कुणाला माहीत असणार. रखमाजीबुवांना माहीत होतं. ते खोलीवर पाय चोळत पडले होते.

उद्या सकाळी मी गेलो नाही.

हेच मला अजून गिळता येत नाही. हाताची गफलत अजाणतेपणी झाली, तिच्यावर मी हसूही शकतो. शब्द मात्र मी शुद्धीवर असताना दिला होता. सकाळीच कॅम्पातून निरोप आला, बंगल्यावर या, नाताळची तयारी आहे. मी गेलो आणि पहिलं काय केलं असेल तर साहेबांना गणुजींबद्दल सांगितलं. एक शेतकरी, स्वतःहून पुढं आला, माझा हात धरून थांबला, वचन दिलं. साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी तिथंच गुडघे टेकून त्या शेतकऱ्यासाठी प्रार्थना केली. मग म्हणाले, उद्याच्या उपासनेतला पाठ तू वाच. आजवर तो मान मला मिळाला नव्हता. दिवसभर मी व्हरांड्यात येरझारा घालत तो पाठ घोकला, कुठं आवाज चढवायचा, कुठं थांबायचं. मध्ये दोनतीनदा मनात आलं की बाजारात जायला हवं. प्रत्येक वेळी मी म्हटलं, आणखी एकदा वाचून मग जाऊ. आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही होती. तो तिथं नसला तर? मनातला गणुजी इतका छान बसला होता की खरा गणुजी जाऊन बघायचं धाडस होत नव्हतं. संध्याकाळी बुवांना म्हणालो, उद्या उपासना झाली की त्यांना जेवायलाच घेऊन येऊ. बुवांना वाटलं, सकाळी मी भेटून आलेला आहे. मीही तसंच वाटू दिलं.

नाताळ उजाडला. बंगल्याच्या दाराला झेंडूच्या माळा, आतमध्ये शिपाईगड्यांची पाचसहा ख्रिस्ती कुटुंबं, साहेबांच्या मडमेनं वाजवलेली पेटी. मी पाठ वाचायला उभा राहिलो. आवाज लागला होता. मेंढपाळ उठून निघाले, इथवर आलो आणि समोरच्या भिंतीवर मला गणुजी दिसले, गाडीला टेकलेले. मेंढरायपाशी कोन होतं? ओळ हरवली. पुन्हा सापडली, पण आवाज तो राहिला नाही. लोकांना वाटलं, मला गहिवर आला. दोघातिघांनी नंतर येऊन माझा हात दाबला.

दुपारी आम्ही बाजारात गेलो. बुवा काठीवर लंगडत. शेजारच्या गाड्या बदललेल्या होत्या. गणुजींची गाडी जिथल्या तिथं होती. कापसावर घोंगडी टाकून ते बसले होते, लुगड्याचं गाठोडं मांडीवर. दोन दिवसांत दलाल येऊन येऊन गेले, गणुजींनी सगळ्यांना सांगितलं, सौदा झाला आहे. घेणारा कोण म्हणून विचारलं तर सांगितलं, काळ्या डगल्याचा पादरी. त्यावर लोक हसले. ते हसले म्हणून हे जास्तच हट्टानं बसून राहिले.

मला बघून ते उठले. रागावलेले नव्हते, आणि ते मला जास्त लागलं. म्हणाले, "आले काय? म्या म्हटलं येतेच. पादरी मानूस, खोटं बोलनार नाई. चाला, वजन करून घेऊ. आज निघालो तं कदाचित गाठ पडन पोरीची."

मी बुवांकडं पाहिलं. बुवांनी एकदा माझ्या शालीकडं पाहिलं, एकदा त्या कापसाकडं, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. हळूच म्हणाले, "पंत, तुम्ही त्यांना हात दिला व्हता का शालीखाली?"

"दिला होता."

"आन दाबून धरला?"

मी मान हलवली. मग बुवांनी मला दोन वाक्यांत तो सगळा व्यवहार समजावून सांगितला. गणुजी ऐकत होते. त्यांनाही ते माझ्याबरोबरच समजलं. एक बैल शेपटीनं माशा वारत होता.

"मंग तुमी कापूस घेत नाई," गणुजी म्हणाले.

"नाही."

"आजकाल सारेच घेऊन राह्यले. वैद घेते, जोशी घेते. मले वाटलं, पादऱ्यानं घेतला तं काय नवल." मग जरा थांबून, "पन कापूस नाई घ्याचा होता, तं माहा हात कायले धरला?"

मी सांगायचा प्रयत्न केला. आनंद झाला म्हणून. तुम्ही माझं ऐकलंत म्हणून. आमच्यात असा हात धरतात म्हणून. बोलता बोलता माझं मलाच कळत गेलं की मला त्यांचा आनंद झाला नव्हता, माझा झाला होता. त्यांनी मध्येच विचारलं, "बरं, ते असू द्या. पन काल सकाळी येतो म्हटलं होतं तुमी. काल आले असते, तं कालच कळलं असतं. काल काहून नाई आले?"

मी म्हणालो, "पाठ वाचत होतो."

रखमाजीबुवांनी मग काठी टाकली आणि दुखऱ्या पायानं सगळा बाजार पालथा घातला. त्यांनी अडत्या आणला, हातात हात घालायला लावले, वजन करवलं. दिवस कलायच्या आत गाडी रिकामी झाली. भाव कमी आला की जास्त, हे मी विचारलं नाही. गणुजींचं तिकडं लक्षच नव्हतं. ते सूर्य बघत होते. बैल जुंपताना मी सवयीनं हात पुढं केला. त्यांच्या दोन्ही हातांत कासरे होते. "येसूबाबाची गोष्ट चांगली होती," एवढं म्हणून त्यांनी गाडी हाकली. दोन दिवसांची वाट होती आणि सोयऱ्यांची गाडी दुसऱ्या दिवशी निघणार होती. खोलीवर आम्ही नाताळच्या करंज्या खाल्ल्याच नाहीत. तेव्हापासून बुवांनी मला पंत म्हणायचं सोडून दिलं. नावानं हाक मारायला लागले.

पुढच्या हंगामात मी स्वतः मागून घेऊन उमरावतीला गेलो. भाव उतरणीला लागले होते, माणसांचे चेहरेही. मी रोज बाजार धुंडायचो. साहेबांना वाटायचं, केवढा उत्साह. नाताळच्या आठवड्यात गणुजी दिसले. वर्षभरात म्हातारे झाले होते. मी विचारलं, त्या वेळी मुलीची गाठ पडली का?

"नाई पडली. मी पोचलो तवा गाडी गेली होती. सकाळीच गेली म्हने. तिनं लय वेळ वाट पाह्यली, वेशीपाशी गाडी उभी करून. मंग सोयरे घाई कराले लागले." कापसातली एक काडी काढून त्यांनी बाजूला टाकली. "पावसाळ्यात पटकी आली त्यायच्या गावात. दोन दिवसांत गेली पोरगी. लहानी वाचली. तिले आमी घेऊन आलो."

मी विचारलं, "लुगडं?"

"पेटीत हाय. घडी नाई मोडली."

गेली दोन वर्षं मी लोकांना क्षमा सांगत हिंडत होतो. ती कशी मागावी, कशी मिळते, यावर तासभर बोलू शकत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मागायची वेळ आली आणि माझ्या तोंडून धड वाक्य निघेना. कसंबसं म्हटलं, "गणुजी, मला माफ करा."

त्यांनी विचार केला. खरोखर विचार केला. तोंडदेखलं काही बोलायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मग म्हणाले, "तुमच्या येसूनं केलं असन माफ. मले अजून जमून नाई राह्यलं. जमलं, तं हात देईन." आणि गाडीवर चढून बसले.

त्यानंतर किती नाताळ आले आणि गेले. आगगाडी आली, कापूस दाबायची यंत्रं आली, रखमाजीबुवा गेले. मी अकोल्याला येऊन मंडळीचं काम बघायला लागलो, लग्न केलं, प्रवचनं दिली. क्षमेवर बोलताना मात्र मी आता लवकर आटोपतं घेतो. बायको विचारते, एवढा मोठा विषय आणि दहा मिनिटांत? मी म्हणतो, मला त्यातलं तेवढंच माहीत आहे. आणि दर मार्गशीर्षात माझं हे असं होतं. बसवत नाही, झोपवत नाही, शालीत हात ठेवला की कुणी चार बोटं दाबल्यासारखी वाटतात, मग दोन, मग एक पेर. मी हात काढतो आणि दारात जातो.

एकदा, या घरी आल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, नाताळच्या आदल्या दिवशी, एक गाडी खरंच दारात थांबली. बैलांना पाणी हवं होतं. हाकणारा घोंगडीत गुरफटलेला, आणि कापसावर दहाएक वर्षांची एक मुलगी. मी बादली आणली आणि बैलांना हाक घातली. घोंगडीतून आवाज आला, "पादरीबुवा, आता इथं राह्यते काय तुमी?"

गणुजीच होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला; आवाजावरून ओळखलं असावं. मी मुलीकडं पाहिलं. ती कापसात पाय खुपसून बसली होती आणि मला निरखत होती. घरातून पोरांच्या गाण्याचा आवाज येत होता, मेंढपाळांचंच गाणं. गणुजींनी कान देऊन ऐकलं. म्हणाले, "अजून तेच सांगून राह्यले?"

"तेच. पण तुमचा प्रश्नही सांगतो आता. मेंढरांजवळ कोण थांबलं म्हणून."

"मंग? काय सांगता?"

"सांगतो की एक जण थांबला होता. त्याला बाळ बघायला मिळालं नाही."

बैलांनी बादली रिकामी केली. मी दुसरी आणायला वळलो तेव्हा ते मुलीला म्हणाले, "खाली उतर वं. बुवाले हात दे."

ती उतरली. तिनं हात पुढं केला, उन्हात, उघडा. बोंडांच्या टोकांनी ओरखडलेला, बोटांना कापूस चिकटलेला, गरम. मी तो धरला. पूर्वीसारखा दाबला नाही, नुसता धरला. वर बघून मी विचारलं, "जमलं का, गणुजी?"

त्यांनी बैलांकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं.

"सध्या हिचा घ्या," ते म्हणाले.

मुलगी पुन्हा वर चढली आणि गाडी निघाली. पुढं त्यांची माझी भेट झाली नाही. वळणापर्यंत मी बघत होतो. त्यांचा उजवा हात घोंगडीतच होता. मी माझा बाहेर ठेवला आहे.